ओटो लोवी : हृदयाला हळू चालायला सांगणारा रस शोधणारे शास्त्रज्ञ



रक्ताभिसरणाचा पाठ शिकवून झाला की वर्गात एक प्रश्न विचारून पहा. हृदयाला धडधडायला कोण सांगतं? बहुतेक मुलं पटकन उत्तर देतात, मेंदू. मोठ्या माणसांना विचारलंत तरी दहातले सात-आठ जण हेच म्हणतील. हे उत्तर चूक आहे, पण पूर्ण चूकही नाही, आणि त्यामुळेच ते दुरुस्त करणं अवघड जातं. मेंदूचा हृदयावर अधिकार किती आणि तो कसा चालतो, हे ज्यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवून दिलं त्या ओटो लोवी यांचं चरित्र आज आपण पाहणार आहोत.

ओटो लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वाईनचे व्यापारी होते. शाळेत ओटो भाषा आणि साहित्यात हुशार, पण गणित आणि भौतिकशास्त्रात कच्चा. (पालकहो, हे वाक्य मुलांना वाचून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा!) त्याला कलेचा इतिहास शिकायचा होता. घरच्यांनी समजूत घातली, चित्रं बघून पोट भरत नाही, डॉक्टर हो. घरोघरी मातीच्या चुली, नाही का? १८९१ साली तो स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. तिथे जाऊन काय केलं, तर वैद्यकाच्या तासांना दांडी मारून तत्त्वज्ञानाच्या आणि वास्तुकलेच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला. १८९३ ची पहिली वैद्यकीय परीक्षा कशीबशी पदरात पडली. पुढे नाउनीन नावाच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांनी त्याला वैद्यकाची गोडी लागली आणि १८९६ साली तो डॉक्टर झाला.

पदवीसाठी जो प्रबंध लिहायचा होता त्याचा विषय श्मीडेबर्ग या नामांकित औषधशास्त्रज्ञांनी सुचवला होता. बेडकाच्या सुट्या हृदयावर काही द्रव्यांचा काय परिणाम होतो ते तपासायचं. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षीच बेडकाचं हृदय या माणसाच्या हातात आलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता सुटं हृदय म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. बेडकाचं हृदय शरीरातून बाहेर काढलं आणि योग्य क्षार असलेल्या पाण्यात ठेवलं तर ते कितीतरी वेळ, कधी कधी काही तास, धडधडत राहतं. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, रक्तही नाही. तरी ठोके चालूच. योग्य क्षार म्हणजे कोणते, याचीही एक मजा आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर १८८२-८३ च्या सुमारास हेच प्रयोग करत होते. मिठाच्या पाण्यात हृदय छान चालत होतं. नंतर कळलं की ते पाणी शुद्ध ऊर्ध्वपातित नव्हतंच, साध्या नळाचं होतं! शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थांबायला लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. रिंगर यांचं ते द्रावण आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. दवाखान्यात सलाइनच्या बाटलीवर रिंगर लॅक्टेट असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते त्याच कुळातलं.

मग ठोका येतो कुठून? माणसाच्या हृदयात उजव्या अलिंदाच्या वरच्या बाजूला (जुन्या पुस्तकांत उजवी कर्णिका) खास पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला सायनस गाठ म्हणू. आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली ती दाखवून दिली. या पेशी स्वस्थ बसूच शकत नाहीत. पेशीच्या आतला विद्युतभार बाहेरच्यापेक्षा ऋण असतो, साधारण उणे ६० मिलिव्होल्ट. पण सोडियमचे आयन हळूहळू आत झिरपत राहतात आणि तो आकडा वर वर सरकतो. उणे ४० च्या आसपास पोहोचला की कॅल्शियमची दारं धाडकन उघडतात, विजेची एक लहर उठते आणि ती सगळ्या हृदयभर पसरते. तोच ठोका. मग पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी पुन्हा मूळ पदावर, आणि पुन्हा झिरपणं सुरू.

मुलांना सांगताना मी कळशीचं उदाहरण देते. नळाला बारीक धार आहे, खाली कळशी ठेवली आहे. काठोकाठ भरली की ती आपोआप कलंडून रिकामी होते आणि पुन्हा सरळ उभी राहते. प्रत्येक कलंडणं म्हणजे एक ठोका. कोणी सांगावं लागत नाही. मिनिटाला ७० धरले तरी दिवसाचे १ लाख ठोके होतात.

गंमत म्हणजे या सायनस गाठीला तिच्या मनाप्रमाणे चालू दिलं तर मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला सुमारे १०० पडतील. हृदयरोपण झालेल्या व्यक्तीचे ठोके विश्रांतीतही ९०-१०० च्या घरात असतात, कारण नव्या हृदयाच्या चेता कापलेल्या असतात. मग तुमचे-माझे ७० कसे? इथे मेंदू येतो. मेंदूपासून निघून मानेतून खाली उतरणारी व्हेगस नावाची चेता हृदयाचा लगाम सतत थोडा खेचून धरते. दुसऱ्या काही चेता टाच मारायचं काम करतात. जिना चढताना, परीक्षेच्या आधी, कुत्रं मागे लागलं की लगाम सैल होतो आणि टाच बसते. घोडा मात्र स्वतःच्या पायांनीच पळतो. तेव्हा मेंदू हृदय चालवतो असं न शिकवता, मेंदू हृदयाचा वेग बदलतो असं शिकवावं, हे माझं आग्रहाचं सांगणं.

व्हेगस चेतेला विजेचा झटका दिला की हृदय मंदावतं किंवा थांबतं, हे वेबर बंधूंनी १८४५ सालीच दाखवलं होतं. लोवींच्या तरुणपणी ही जुनी माहिती होती. न सुटलेलं कोडं वेगळंच होतं. दोन्ही प्रकारच्या चेतांमधून धावणारा विजेचा संदेश अगदी सारखा असतो. मग एकीच्या टोकाशी पोहोचल्यावर हृदय मंदावतं आणि दुसरीच्या टोकाशी पोहोचल्यावर जोरात धावतं, ते कसं?

डॉक्टर झाल्यावर लोवी काही काळ फ्रँकफुर्टच्या शहर रुग्णालयात काम करत होते. क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण एकामागून एक दगावत होते आणि डॉक्टरांच्या हाती उपचार म्हणून काहीच नव्हतं. हे त्यांना सोसेना. रुग्णसेवा सोडून त्यांनी औषधांचं संशोधन करायचं ठरवलं आणि १८९८ मध्ये मारबुर्गला हान्स मायर यांच्या हाताखाली रुजू झाले. १९०२ साली त्यांनी दाखवून दिलं की प्राण्यांचं शरीर अन्नातल्या प्रथिनांच्या सुट्या घटकांपासून पुन्हा स्वतःची प्रथिनं बांधू शकतं. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. तिथे हेन्री डेल या तरुण शास्त्रज्ञाशी ओळख झाली, ती आयुष्यभराची मैत्री ठरली.

१९०३ साली वॉल्टर फ्लेचर हे केंब्रिजचे मित्र मारबुर्गला आले असताना गप्पांमध्ये लोवींनी एक कल्पना बोलून दाखवली. काही औषधं टोचली की व्हेगस चेता चेतवल्यासारखाच परिणाम दिसतो. मग चेतेच्या टोकाशी असंच एखादं रसायन सुटत असेल तर? वीज टोकापर्यंत, पुढचं काम रसायनाचं. पुढल्याच वर्षी केंब्रिजमधल्या इलियट नावाच्या तरुणाने अॅड्रिनलीनबद्दल असाच अंदाज मांडला. पण हे सिद्ध कसं करायचं ते कोणालाच सुचेना. लोवीही ती कल्पना विसरून गेले.

मधली वर्षं भराभर सांगते. १९०५ मध्ये व्हिएन्ना. १९०८ मध्ये गुइडा गोल्डश्मीट यांच्याशी लग्न, पुढे चार मुलं. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक. ते फार चांगलं शिकवत. व्हिएन्नाहून बोलावणं आलं तरी त्यांनी ग्राझ सोडलं नाही.

आता ती प्रसिद्ध रात्र. ईस्टरच्या आदल्या रात्री लोवी झोपेतून जागे झाले, दिवा लावला, एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी सहाला आठवलं की रात्री काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय. चिटोरं पाहिलं, तर स्वतःचंच अक्षर लागेना! तो दिवस फार वाईट गेला. पुढच्या रात्री तीनला तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी कागदाच्या भरवशावर न राहता ते उठले आणि थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग इतका साधा आहे की फळ्यावर दोन गोल काढून समजावता येतो. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस चेता शाबूत, दुसऱ्याच्या चेता काढलेल्या. दोन्हींत रिंगरचं द्रावण भरलं. पहिल्याच्या व्हेगस चेतेला काही मिनिटं विजेने चेतवलं, ते हृदय मंदावलं. मग त्यातलं द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातलं. तर त्या दुसऱ्या हृदयाचेही ठोके मंदावले! त्याला ना चेता, ना विजेचा स्पर्श. म्हणजे पहिल्या हृदयातून द्रावणात काहीतरी उतरलं होतं आणि तेच आता दुसऱ्याला हळू चालायला सांगत होतं. टाच मारणारी चेता चेतवून तसंच केलं, तर दुसऱ्या हृदयाचा वेग वाढला. १९२१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अनोळखी द्रव्याला लोवींनी व्हेगसचं द्रव्य असं साधंच नाव दिलं.

ही स्वप्नाची गोष्ट आपल्याकडे अनेक जण सांगतात, चमत्कारासारखी सांगतात, आणि तिथेच थांबतात. मला ते पटत नाही. स्वप्नाने लोवींना जे दिलं ते त्यांच्याच दोन जुन्या गोष्टींची गाठ होती. एक म्हणजे १९०३ ची विसरलेली कल्पना. दुसरी म्हणजे सुट्या हृदयातलं द्रावण काढून तपासायची पद्धत, जी त्यांनी काही वर्षं आधी वेगळ्याच कामासाठी वापरली होती. प्रबंधापासून धरलं तर बेडकाचं हृदय त्यांच्या हाताखालून पंचवीसएक वर्षं जात होतं. आणि लोवींनी स्वतःच पुढे कबूल केलं की दिवसाढवळ्या नीट विचार केला असता तर त्यांनी हा प्रयोग केलाच नसता. कारण असं रसायन सुटलंच तर जागच्या जागी पुरेल इतकंच सुटेल, बाहेर द्रावणात सांडण्याइतकं कशाला सुटेल, असंच कोणत्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं.

नशिबाचाही भाग होता. बेडकाच्या व्हेगसमध्ये हृदय मंदावणारे आणि वेग वाढवणारे दोन्ही तंतू मिसळलेले असतात. थंडीच्या दिवसांत मंदावणाऱ्यांचा जोर असतो, उन्हाळ्यात दुसऱ्यांचा. शिवाय थंडीत ते रसायन लवकर नष्ट होत नाही. ऋतू बदलला, बेडूक बदलला की प्रयोग फसायचा. कितीतरी प्रयोगशाळांत तो फसलाच, आणि लोवींवर शंका घेतली जाऊ लागली. शेवटी १९२६ साली स्टॉकहोमला शरीरक्रियाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांना सर्वांसमक्ष प्रयोग करून दाखवावा लागला. एकाच हृदयावर त्यांनी तो १८ वेळा करून दाखवला. आपल्या प्रयोगशाळेत एकदा जमलं म्हणून सिद्ध झालं असं विज्ञानात होत नाही, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी लोवी आणि त्यांचे सहकारी नवरातिल यांनी आणखी एक महत्त्वाचा शोध लावला. व्हेगसचं द्रव्य हृदयातच असणारं एक विकर झटपट तोडून टाकतं, म्हणून लगाम खेचला तरी लगेच सैल होऊ शकतो. ते विकर काही औषधांनी अडवता येतं. द्रव्य अॅसिटिलकोलीन आहे हे हळूहळू पक्कं झालं. १९२९ मध्ये डेल आणि डडली यांनी ते प्राण्यांच्या प्लीहेत नैसर्गिकरीत्या सापडतं हे दाखवलं. वेग वाढवणारं द्रव्य बेडकात अॅड्रिनलीन निघालं. माणसात हे काम मुख्यतः त्याचं भावंड नॉरअॅड्रिनलीन करतं.

आपल्या कळशीकडे परत या. अॅसिटिलकोलीन काय करतं? सायनस गाठीच्या पेशींतली पोटॅशियमची दारं उघडतं. म्हणजे कळशीच्या बुडाला बारीक भोक पाडतं. वरून धार चालूच, पण खालून गळती, त्यामुळे भरायला वेळ लागतो. नॉरअॅड्रिनलीन नळ जास्त सोडतं. मुलांना शांत बसवून स्वतःची नाडी धरायला सांगा आणि सावकाश खोल श्वास घ्यायला लावा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना मंद होतात. लहान मुलांत हे चांगलं जाणवतं. व्हेगसचा लगाम श्वासागणिक सैल-घट्ट होतो, त्याचा हा पुरावा आपल्याच मनगटात असतो. एखाद्या पालकाला वाटेल मुलाचे ठोके अनियमित आहेत; एवढाच, श्वासाबरोबर होणारा फरक हा निरोगीपणाचा भाग आहे.

आणि ते विकर? त्याचा आपल्या शेतांशी फार जवळचा संबंध आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच विकर बंद पाडतात. मग अॅसिटिलकोलीन साठत जातं. बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस, घाम, श्वास कोंडणं, आणि पुष्कळदा हृदयाची गती मंदावणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, त्या वेळी वापरात असलेल्या औषधांमध्ये या गटातलीही होती. अशा रुग्णाला दवाखान्यात अॅट्रोपीन टोचतात. अॅट्रोपीन दिलेल्या हृदयावर व्हेगसचं द्रव्य चालत नाही, हे लोवींच्या प्रयोगांतलंच एक निरीक्षण. ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांनी हा भाग जरूर शिकवावा. फवारणीनंतर कोणाला अशी लक्षणं दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, औषधाचा डबा सोबत घ्यायचा आणि ताबडतोब रुग्णालय गाठायचं. वर्गातल्या एखाद्या मुलाने घरी हे सांगितलं तरी खूप झालं.

१९३६ साली लोवी आणि डेल या दोन मित्रांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. चरित्र इथे संपवायचा मोह होतो. पण पुढचं सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्याच रात्री हत्यारबंद तरुण लोवींच्या झोपायच्या खोलीत घुसले आणि चौसष्ट वर्षांच्या त्या प्राध्यापकाला तुरुंगात घेऊन गेले. गुन्हा एकच, ज्यू असणं. धाकट्या दोन मुलांनाही पकडलं. आपल्याला मारून टाकणार याची लोवींना खात्री वाटत होती. आणि त्यांना काळजी कशाची लागली होती? शेवटच्या प्रयोगाचे निष्कर्ष अजून छापले गेले नव्हते! त्यांनी पहारेकऱ्याला गळ घालून एक पोस्टकार्ड मिळवलं, त्यावर निष्कर्ष लिहिले आणि एका विज्ञान नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवायला दिले. कार्ड गेलं तेव्हा कुठे त्यांना हलकं वाटलं.

दोनेक महिन्यांनी सुटका झाली. पण देश सोडायची परवानगी सहज मिळाली नाही. नोबेलची रक्कम स्टॉकहोमच्या बँकेत होती. ती नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळवायचा आदेश त्यांच्याकडून लिहून घेतला गेला. मगच सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांना जाऊ दिलं. पत्नीला अडकवून ठेवलं होतं. मालमत्ता हवाली केल्यावर १९४१ साली त्या बाहेर पडू शकल्या. लोवी आधी लंडन, मग ब्रुसेल्स, मग ऑक्सफर्ड असे फिरत राहिले आणि १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात संशोधक प्राध्यापक म्हणून अमेरिकेला पोहोचले.

बंदरावर उतरतानाचा एक प्रसंग ते पुढे हसत सांगत. तपासणीच्या कागदांत डॉक्टरचा दाखला होता. त्यावर नजर गेली तर म्हातारपणामुळे हा मनुष्य स्वतःचं पोट भरायला असमर्थ आहे, अशा अर्थाचा शेरा! सुदैवाने अधिकाऱ्याने तो मनावर घेतला नाही.

पुढची वीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं, विद्यार्थ्यांशी भरपूर गप्पा मारल्या. उन्हाळ्यात वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी, जिथे जीवशास्त्रज्ञांचा मेळाच भरतो, तिथे ते मुक्कामाला असत. १९४६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. चेतांच्या टोकाशी वीज की रसायन हा वाद त्या काळात जोरात होता, त्याला सूप विरुद्ध ठिणगी असं गमतीचं नावही पडलं होतं. बहुतेक ठिकाणी सूपवाल्यांची बाजू खरी ठरली, आणि ते पाहायला लोवी हयात होते. २५ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं. ज्या ग्राझमधून त्यांना रात्रीत उचलून नेलं, तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्राला आज ओटो लोवी यांचं नाव आहे.